खिडकी केव्हा उघडायची? अलेंतेझूच्या खेड्यात पहिलं वर्ष काढणाऱ्यांसाठी

अकोल्याच्या माणसाला उन्हाची भीती कोणी घालू नये, असं माझं ठाम मत होतं. नवऱ्याचं सोलर प्लांटवरचं काम निघालं आणि आम्ही पोर्तुगालच्या आग्नेय कोपऱ्यात, आमारेलेझाच्या जवळच्या एका खेड्यात राहायला आलो, तेव्हाही मी निवांत होते. पहिल्या जुलैत सकाळी उठून सवयीप्रमाणे सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. दुपारी चार वाजता बाहेर डोकावले तर अख्ख्या गल्लीतली दारं-खिडक्या बंद. गाव सुट्टीला गेलं असावं असं वाटलं. रात्री साडेनऊला एकेक दार उघडलं, खुर्च्या बाहेर आल्या, म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा सुरू झाल्या. गाव कुठेही गेलं नव्हतं. दिवसभर उन्हाला दार लावून बसलं होतं. आमचं घर तेवढं तव्यासारखं तापलेलं, आणि ते पहाटेपर्यंत निवलं नाही.

अलेंतेझूत, म्हणजे पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या एव्होरा, बेझा, मोउरा, मेर्तुला या भागात, कामाला, शिकायला किंवा लिस्बनच्या भाड्याला कंटाळून येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. सीमेपलीकडच्या स्पेनच्या एश्त्रेमादुरा आणि आंदालुसियातही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

पहिली पायरी: डोक्यातलं कॅलेंडर बदला

आपल्या डोक्यात उन्हाळा संपतो तो पावसाने. मृग लागला की सुटलो. इथे तसं काही होत नाही. इथला पाऊस हिवाळ्यात, ऑक्टोबर ते एप्रिलच्या दरम्यान पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ थेंबही नाही. वर्षभराचा मिळून बेझाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे उन्हाळा संपवायला कोणी येत नाही, तो हळूहळू दमत जातो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धरून चाला.

रंगही उलटे. आपल्याकडे जूननंतर सगळं हिरवंगार होतं. इथे तेव्हा माळ पिवळा पडतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसावर गवत उगवतं. मार्च-एप्रिलमध्ये रानफुलांनी माळ भरतो. पाहुण्यांना बोलवायचं तर तेव्हा. ऑगस्टमध्ये बोलावलेले पाहुणे परत येत नाहीत, हा अनुभव आहे.

बेझाला जुलैचं सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंश. ऐकायला काहीच नाही. पण सरासरीवर जाऊ नका. आमारेलेझाला १ ऑगस्ट २००३ रोजी पारा ४७ अंशांच्या वर गेला, तो देशाचा उच्चांक आजही गावकरी जरा अभिमानानेच सांगतात. २९ जून २०२५ ला मोरा गावात ४६.६ अंश नोंदले गेले, जून महिन्यातला देशाचा विक्रम. मोरा आणि मोउरा ही दोन वेगळी गावं आहेत, बसचं तिकीट काढताना जपा.

आता जमेची बाजू. हवा कोरडी असते, आणि बहुतेक रात्री पारा १७-२० पर्यंत उतरतो. दिवस आणि रात्रीत वीस अंशांचा फरक पडू शकतो. मुंबईच्या उन्हाळ्यात हा फरक फार कमी असतो, म्हणून तिथे वाऱ्यालाच जपावं लागतं, खिडकी कायम उघडी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या मंडळींची नेमकी हीच सवय इथे नडते. विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला हे ऊन ओळखीचं वाटेल: जाड भिंत, बंद दार, ओलं पोतं, सगळं तेच.

दुसरी पायरी: घर निवडताना

घर पाहायचं तर दुपारी पाच वाजता पाहा. मालक सकाळी बोलावेल. सकाळी प्रत्येक घर थंड असतं.

जुन्या अलेंतेझू घरांच्या भिंती ठोकलेल्या मातीच्या असतात. तिला इथे 'ताइपा' म्हणतात. अर्धा मीटर किंवा त्याहून जाड, बाहेरून चुन्याची पांढरी सफेदी, तळाला निळा नाहीतर पिवळा पट्टा, खिडक्या लहान आणि मोजक्या. आपलं माळवदाचं घर ज्याने पाहिलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. जाड माती दिवसभर ऊन पीत राहते आणि ते आत पोचेपर्यंत रात्र होते, तोवर तुम्ही खिडक्या उघडलेल्या असतात. अशी बैठी घरं अंधारी दिसतात म्हणून नवे लोक नाकारतात आणि मोठ्या काचांचं नवं घर घेतात. पश्चिमेला मोठी काच असलेलं घर फुकट मिळालं तरी मी घेणार नाही.

काय तपासायचं ते सांगते. खिडक्यांना आतून लाकडी झडपा, म्हणजे 'पोर्तादा', किंवा बाहेरून गुंडाळून खाली सोडायच्या पट्ट्या, म्हणजे 'एश्तोर', आहेत का आणि त्या खरोखर पूर्ण बंद होतात का. बाहेरची झडप आतल्या पडद्यापेक्षा कितीतरी चांगली, कारण ऊन काचेच्या आत शिरल्यावर अडवून फारसा उपयोग नसतो. छत नुसत्या कौलांचं आहे की खाली थर्माकोल-लोकर असं काही घातलं आहे? नुसती कौलं असली तर माळ्यावरची खोली उन्हाळ्यात विसरा. कपाटं भिंतीपासून सरकवून मागे काळे डाग आहेत का पाहा, त्याचं कारण पुढे हिवाळ्यात येईल.

आणि विजेचा करार किती केव्हीएचा (एका वेळी किती वीज ओढता येते त्याचं माप) आहे ते विचारा. इथे मीटरवर ठरलेली मर्यादा असते. छोट्या घरात बहुधा ३.४५ केव्हीए. तेवढ्यात एसी, गिझर आणि ओव्हन एकदम लावले की मेन स्विच पडणार. वीज कंपनीला सांगून मर्यादा वाढवता येते, महिन्याचा स्थिर आकार थोडा वाढतो. एसी घेणार असाल तर इन्व्हर्टरचा, गरम हवाही देणारा घ्या. डिसेंबरात मला दुवा द्याल.

घर गावाबाहेर, शेतवाडीवर, म्हणजे 'मोंत'वर असेल तर पाणी कुठून येतं ते विचारल्याशिवाय सही करू नका. बोअरवेल असेल तर ऑगस्टमध्ये पाणी किती राहतं, हे मालकाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. आमच्या पहिल्या घरी मालकाने 'भरपूर पाणी' सांगितलं होतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पंप नुसती हवा ओढायला लागला. तेव्हापासून दोन मोठे पिंप सावलीत भरून ठेवते. दुष्काळी मुलखातली सवय आहे, इथे कोणी हसत नाही.

तिसरी पायरी: मे महिन्यातली तयारी

गावात मे महिन्यात कुंचे दिसू लागले की समजा, उन्हाळा जवळ आला. चुन्याचा हात दरवर्षी नाहीतर एक वर्षाआड मारतात. तुमच्या भिंतीलाही मारून घ्या, पांढरी भिंत ऊन परत पाठवते. चुना स्वतः कालवणार असाल तर डोळ्यांना चष्मा लावा आणि हातमोजे घाला. डोळ्यात उडालेला चुना म्हणजे थेट दवाखाना.

खिडक्यांना जाळ्या बसवा. रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपायचं आहे, आणि जाळी नसेल तर डासांपायी तुम्ही त्या बंद करणार, मग सगळं गणितच कोसळतं. पालींना घालवू नका, त्या फुकटात पहारा करतात.

कूलरबद्दल मला खूप जण विचारतात. आपल्या लोखंडी कूलरसारखा दणकट कूलर इथे दुकानात दिसत नाही, छोटे प्लास्टिकचे मिळतात. पण हवा कोरडी असल्याने तत्त्व पुरेपूर लागू पडतं. संध्याकाळी बाहेरची हवा निवू लागली की उघड्या खिडकीत ओली चादर लावा आणि पंखा बाहेरची हवा आत ओढेल असा ठेवा. वाळ्याचा वास तेवढा येत नाही. बंद खोलीत मात्र कूलर लावू नका. तासाभरात आतली हवा दमट होते आणि घाम वाळेनासा होतो.

चौथी पायरी: घड्याळ समजून घ्या

ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, आणि सगळ्यात उपयोगी हीच निघाली.

अकोल्यात सूर्य माथ्यावर येतो तो सव्वाबाराच्या सुमारास. इथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं, शिवाय देश युरोपच्या पार पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला दीड वाजून जातो. परिणाम असा की सगळ्यात जास्त तापमान दुपारी एक-दोनला नसतं. ते साडेचार ते सहाच्या दरम्यान असतं. आपण 'चार वाजले, आता ऊन उतरलं' म्हणून मुलांना घेऊन बाहेर पडतो, आणि नेमके भट्टीच्या तोंडात जातो. जूनच्या शेवटी सूर्य मावळतो नऊच्या सुमारास. स्पेनमध्ये घड्याळ आणखी एक तास पुढे, तिथे सगळंच तासभर उशिरा समजा.

म्हणून दिवस असा लावा. पहाटे उठून सहा ते दहा या वेळात बाहेरची सगळी कामं: बाजार, बाग, चालणं, धुणं. शेतावरची माणसंही उन्हाळ्यात उजाडताच सुरू करून दुपार चढायच्या आत थांबतात. मे ते ऑगस्ट बुचाच्या ओकची साल काढण्याचा हंगाम असतो, ते कामगार तर अंधारातच घर सोडतात. (रस्त्याकडेच्या झाडांवर पांढऱ्या रंगात एक आकडा दिसेल. साल कोणत्या वर्षी काढली त्याचा तो शेवटचा अंक. पुढची साल नऊ वर्षांनी.)

खिडक्या घड्याळ पाहून लावू नका, तापमान पाहून लावा. एक साधा थर्मामीटर घरात आणि एक बाहेर सावलीत टांगा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा वर गेला की सगळं बंद: काच, झडप, पडदा. बहुधा सकाळी नऊ-दहाला ही वेळ येते. बाहेरचा आकडा पुन्हा आतल्याच्या खाली आला की सगळं उघडायचं, आणि ही वेळ रात्री नऊ-दहाच्या आधी क्वचित येते. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की वारा आरपार जातो आणि भिंती रात्रभरात निवतात. एवढं एक पाळलं तर बाहेर ४० असताना आमच्या मातीच्या घरात २७-२८ असतात, एसी न लावता. सलग पाच-सहा दिवस लाट टिकली तर मात्र भिंतीही हात टेकतात, तेव्हा एसी लावायला लाजू नका.

आग्नेयेकडून येणारा कोरडा तापलेला वारा 'सुआंव' म्हणून ओळखला जातो. तो सुटला की रात्रीही झळा लागतात. कधी सहारातली धूळ येते, आकाश मळकट पिवळं दिसतं, गाडीवर लाल थर बसतो. दमेकऱ्यांनी त्या दिवशी रात्रीही खिडकी उघडू नये.

दुपारी एक ते तीन दुकानं बंद असतात. चिडू नका, झोपा. स्वयंपाक सकाळीच उरका. ओव्हनला तीन महिने सुट्टी द्या, कुकर बाहेर अंगणात छोट्या गॅसवर लावला तर आणखी उत्तम. रात्री खुर्ची घेऊन दारात बसा. भाषा तिथेच येते, शिकवणी लावून मला जे आलं नाही ते दारातल्या खुर्चीत आलं. स्पेनच्या काडिझ प्रांतातल्या आल्गार या गावाने तर २०२१ मध्ये या रात्रीच्या दारातल्या बैठकीला युनेस्कोचा वारसा म्हणून मान्यता मिळावी अशी मागणी केली होती. आपल्या ओट्यांसाठी कोणी केली नाही.

पाचवी पायरी: अंग सांभाळा

कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतच नाही, तो तिथल्या तिथे उडून जातो. त्यामुळे तहान लागायची वाट पाहू नका. लघवीचा रंग गडद झाला तर पाणी कमी पडतं आहे, हे सगळ्यात सोपं मोजमाप.

कैरी लिस्बनच्या मार्तिम मोनीझ भागातल्या दुकानांतून आणावी लागते, तेव्हा पन्हं सणासुदीलाच. ताक मात्र घरी होतं: साधं दही कुठल्याही दुकानात मिळतं, आणि या भागात कोथिंबीर इतकी वापरतात की पहिल्यांदा बाजारात जुड्या पाहून मला भरून आलं होतं. इथलं 'गाश्पाशु' म्हणजे टोमॅटो, काकडी, सिमला मिरची बारीक चिरून, लसूण, मीठ, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर आणि बर्फाचं पाणी, वरून शिळ्या पावाचे तुकडे. स्पेनमध्ये ते वाटून पातळ करतात, इथे तुकडे तसेच ठेवतात. मला ती पाणीदार कोशिंबीरच वाटते. उन्हाच्या दिवसांत याने मीठ, पाणी आणि जेवण तिन्ही भागतं. जुलाब-उलट्या किंवा फार घाम झाला तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ.

बाहेर जाताना सुती पूर्ण बाह्या आणि डोक्याला काहीतरी. इथल्या शेतातल्या जुन्या बायका डोक्याला रुमाल बांधून त्यावर टोपी घालत. आपला दुपट्टा तेच काम करतो. खिशात कांदा ठेवण्याबद्दल आई अजून फोनवर आठवण करते. ठेवते, पण भरवसा पाण्याच्या बाटलीवर.

पंख्याबद्दल एक सावधगिरी. खोलीतली हवाच ४० अंशांच्या आसपास तापली असेल तर नुसता पंखा अंगावर गरम हवा मारतो. तेव्हा आधी अंग ओलं करा, मग पंखा लावा.

कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. ११२ लावा, माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. नुसती चक्कर, डोकेदुखी, पेटके असतील तर एसएनएस २४ या सरकारी आरोग्य सेवेच्या ८०८ २४ २४ २४ या क्रमांकावर सल्ला मिळतो. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जूनच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, भारतातून आई-वडील राहायला येणार असतील तर नक्कीच. बंद गाडीत मूल किंवा कुत्रा पाच मिनिटंही नको.

हवामान खातं म्हणजे इप्मा. त्यांचे इशारे जिल्ह्यानुसार पिवळा, नारिंगी, लाल असे येतात. नारिंगी दिसला की मी बाहेरची कामं पुढे ढकलते. सलग सहा दिवस कमाल तापमान सरासरीपेक्षा पाच अंशांनी वर राहिलं तर इथे उष्णतेची लाट धरतात.

सहावी पायरी: आग

हे आपल्याला अगदीच नवीन असतं, म्हणून नीट वाचा. जूननंतर इथलं गवत म्हणजे पेटायची वाट पाहणारं सरण. १७ जून २०१७ रोजी मध्य पोर्तुगालमध्ये पेद्रोगाव ग्रांदजवळ लागलेल्या वणव्यात ६६ माणसं गेली, त्यातली बरीचशी गाडीने पळून जाताना रस्त्यावर. अलेंतेझूची विरळ ओकची राने त्या पाइन-निलगिरीच्या जंगलापेक्षा कमी धोक्याची, पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये ओदेमिराच्या बाजूला मोठा वणवा झालाच.

घर गावाबाहेर असेल तर भोवतीचं ५० मीटरपर्यंतचं गवत-झुडूप कापून मोकळं ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. मुदत साधारण एप्रिलअखेरीची, पावसाळी वर्षी ती वाढवतात. जबाबदारी जमीन ताब्यात असणाऱ्याची, तेव्हा भाडेकरूने करारातच विचारून घ्यावं. गावच्या कार्यालयात, म्हणजे 'झुन्ता'त, चौकशी केली तर माणसं आणि तारीख दोन्ही मिळतात.

धोक्याच्या दिवशी रानात शेकोटी, बार्बेक्यू, पालापाचोळा जाळणं यांवर बंदी असते. पातं फिरवणाऱ्या गवतकापणी यंत्रावरसुद्धा, कारण दगडावर पातं घासून ठिणगी उडते. गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका, तापलेला सायलेन्सर पुरतो. दिवाळीचे उरलेले फटाके उन्हाळ्यात काढणाऱ्यांना काय म्हणावं!

फोनवर नागरी संरक्षण खात्याचा पोर्तुगीज एसएमएस आला तर तो जाहिरात समजून पुसू नका. धूर दिसला तर ११२. खेड्यात आग विझवायला आणि रुग्णवाहिका घेऊन येतात ते 'बोंबेइरुश', आणि त्यातले बरेच जण स्वयंसेवक असतात: तुमचा सुतार, नाहीतर बेकरीतला मुलगा. निघायला सांगितलं की लगेच निघा, उशिरा निघणं सगळ्यात धोक्याचं. पासपोर्ट, रहिवासाचे कागद, औषधं एका पिशवीत जूनपासून दाराजवळ ठेवा.

सातवी पायरी: हिवाळ्याला कमी लेखू नका

सप्टेंबरअखेर एखाद्या संध्याकाळी मातीचा वास येतो. तोच वास, फक्त चार महिने उशिरा. पहिल्या जोरदार पावसाआधी पन्हाळी आणि कौलं साफ करून घ्या. उन्हाळाभर कोरडे पडलेले ओढे एका रात्रीत भरतात, पाण्याखाली गेलेल्या फरशीपुलावर गाडी घालू नका. नोव्हेंबरात, ११ तारखेच्या सेंट मार्टिनच्या आसपास, चार दिवस ऊन पडतं, गावात चेस्टनट भाजतात. मग खरी थंडी.

आकडे पुन्हा फसवे: जानेवारीत पहाटे पाच-सहा अंश, कधी शून्याला टेकून दहिवर. पण घरात हीटिंग नसतं. जी भिंत जुलैत देवासारखी वाटली तीच आता गारठा धरून बसते. दुपारी बाहेर उन्हात १६ आणि घरात १२, असे दिवस येतात. म्हणजे खिडकीचा नियम उलटा करायचा: भर दुपारी तासभर सगळं उघडा, ओलसर हवा बाहेर काढा, आणि चारनंतर बंद. नाहीतर श्वास, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे यांचा ओलावा थंड भिंतीवर जमतो आणि बुरशी धरते, तेच कपाटामागचे काळे डाग. आर्द्रता ओढणारं छोटं यंत्र घ्या, दिवसाला लिटरभर पाणी काढताना पाहून विश्वास बसत नाही. चादरी वाळवायच्या खोलीत झोपू नका.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावर बेततं. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. धुराडं असलेली लोखंडी भट्टी, 'सालामांद्रा', उत्तम. तिचं धुराडं सप्टेंबरात झाडून घ्या. तिला सदाहरित ओकचं लाकूड लागतं, ते जड असतं आणि सावकाश जळतं. ते जुलै-ऑगस्टमध्ये मागवा, तेव्हा ते खडखडीत वाळलेलं असतं. डिसेंबरात मागवलं तर ओलं येतं आणि घरात नुसता धूर. ४० अंशांत सरपणाचा ट्रॅक्टर दारात येतो तेव्हा वेड्यासारखं वाटतं खरं, पण सकाळी सातची वेळ सांगा, आणि रचायला शेजाऱ्याचा मुलगा आधीच ठरवून ठेवा.